एसपीपींची लेक

अमेरिकन संस्कृत पंडित व्हिटनेने केलेले अथर्ववेदाचे इंग्रजी भाषांतर १९०५ साली हार्वर्डच्या ग्रंथमालेत दोन जाडजूड खंडांत निघाले. ते उघडलेत तर टिपांमध्ये पानोपानी तीन अक्षरे भेटतात: एस. पी. पी. अमुक शब्दाचा पाठ एसपीपींच्या प्रतीत असा आहे, तमुक ठिकाणी एसपीपींच्या वैदिकांनी तसा म्हटला. हे एसपीपी म्हणजे शंकर पांडुरंग पंडित. घराणे मूळचे सावंतवाडीकडच्या बांबुळीचे, म्हणजे आमच्याच मुलखातले. वेदांचा अभ्यास करणारा कुठलाही जर्मन, अमेरिकन, जपानी माणूस त्या तीन अक्षरांना आजही चुकवू शकत नाही.

त्यांची एक मुलगी होती. तिने संस्कृतात बारा-तेरा पुस्तके लिहिली. तिला तीन अक्षरेही मिळाली नाहीत.

मी कुडाळकडची. हयात शाळेत संस्कृत शिकवण्यात गेली. निवृत्तीनंतर मुलाच्या नोकरीपायी बंगळूरला, मारतहळ्ळीला आले. (गावाच्या नावात मराठे आहेत की नाहीत यावर इथल्या मराठी मंडळींत दर गणपतीला वाद होतो. तो इथे नको.) इथे आल्यावर संस्कृत सुटेल असे वाटले होते, झाले उलटेच. कर्नाटकात दहावीला पहिली भाषा म्हणून, गुण मिळतात म्हणून, मुले सर्रास संस्कृत घेतात. आमच्या सोसायटीतल्या तेलुगू, तमिळ, बंगाली पोरांना रामः रामौ रामाः घोकून घेणारी मी ‘संस्कृत आंटी’ झाले. पलीकडच्या गल्लीतल्या अज्जी त्यात सामील झाल्या. त्या तुमकूरकडच्या, यजमान एचएएलमध्ये होते, आजूबाजूला नाचणीची शेते होती तेव्हा त्यांनी इथे घर बांधले. त्यांना अर्धा रघुवंश पाठ आहे. माझे कन्नड ‘स्वल्प स्वल्प’, त्यांचे हिंदी त्याहून स्वल्प, तेव्हा आमचे बोलणे मोडक्या संस्कृतात चालते आणि शनिवारी आम्ही दोघी मिळून काहीतरी वाचतो. एसपीपींची ती मुलगी म्हणजे क्षमाबाई राव. मी ती जन्मभर नुसती नावाने ऐकली होती. वाचली ती इथे, अज्जींच्या ओसरीवर.

क्षमा पंडित १८९० च्या जुलैत पुण्याला जन्मली आणि १८९४ मध्ये वडील वारले. तिला चार वर्षेही पुरी नव्हती. त्यांचा अथर्ववेद तेव्हा छापखान्यात होता. सायणभाष्यासह त्याचे चार खंड १८९५ ते १८९८ या काळात बाहेर पडले. बापाची ओळख व्हायच्या वयात मुलीला मिळाला तो बापाचा ग्रंथ. याचा परिणाम तिच्या सगळ्या लेखनावर दिसतो असे माझे मत आहे, आणि ते मांडायचे तर आधी बापाविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे.

शंकररावांचा जन्म १८४० चा. रानडे, भांडारकर यांच्या पिढीतले आणि वर्तुळातले. पोटापाण्यासाठी सरकारी नोकरी: मुंबई सरकारचे ओरिएंटल ट्रान्सलेटर होते, पुढे पोरबंदर संस्थानावर प्रशासक. जीव मात्र पोथ्यांत. मुंबई संस्कृत ग्रंथमालेत त्यांनी कालिदासाचे मालविकाग्निमित्र, रघुवंश, विक्रमोर्वशीय संपादले, वाक्पतिराजाचा प्राकृत गउडवहो १८८७ मध्ये काढला. १८७४ ला लंडनच्या प्राच्यविद्या परिषदेला गेले. अथर्ववेद संपादताना त्यांनी एक गोष्ट केली तिचे मला विशेष वाटते. त्यांनी कागदी पोथ्या जमवल्याच, पण ज्यांना संहिता तोंडपाठ होती अशा वैदिकांनाही बसवून घेतले आणि त्यांच्या तोंडचा पाठ हा हस्तलिखिताइतकाच पुरावा मानला. युरोपातले पंडित अक्षराला अक्षर ताडून पाहत होते तेव्हा या माणसाने कानाला साक्षीला बोलावले. ज्याने लहानपणी पाठांतर ऐकले आहे त्यालाच हे सुचावे.

आणि दुसरे काम तुकारामाचे. शिक्षण खात्याचे मुख्य सर अलेक्झांडर ग्रँट यांच्या पुढाकाराने मुंबई सरकारने चोवीस हजार रुपये मंजूर केले आणि इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ व १८७३ मध्ये गाथेचे दोन भाग निघाले. देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या वह्या मिळवून साडेचार हजारांवर अभंगांचा पाठ ठरवला गेला. संपादक विष्णु परशुरामशास्त्री पंडित, म्हणजे विधवाविवाहाचे कैवारी विष्णुशास्त्री, आणि देखरेख शंकर पांडुरंगांची. सरकारी गाथा म्हणून लोक जिला ओळखतात ती हीच. त्यानंतर १८७६ पासून सहा-सात वर्षे त्यांनी ‘वेदार्थयत्न’ चालवले. ऋग्वेदाच्या ऋचा, त्यांचा मराठी अर्थ आणि इंग्रजी अर्थ, मासिकाच्या अंकांतून. वेद मराठीत, तेही मासिकाने घरोघर! १८७६ साली ही गोष्ट साधी नव्हती.

म्हणजे बापाची वाट संस्कृतातून निघून लोकांकडे येणारी. तुका वाण्याचे अभंग त्याने वेदाच्या काटेकोरपणे छापले आणि वेद वाण्याच्या भाषेत आणला. मुलगी त्याच वाटेने उलटी गेली. तिने मिठाचा सत्याग्रह, बालविधवा, खेड्यातली माणसे आणि शेवटी खुद्द तुकाराम, हे सगळे उचलून संस्कृतात नेले. मला तिच्याविषयी जे सांगायचे आहे ते मुख्यतः एवढेच.

पण हे एकदम झाले नाही. विशीत तिचे लग्न मुंबईचे डॉक्टर राघवेंद्र राव यांच्याशी झाले. डॉक्टर नावाजलेले, घर सुधारलेले, पैशाला तोटा नाही, युरोपच्या वाऱ्या होत. १९११ मध्ये लीला झाली. क्षमाबाई टेनिस उत्तम खेळत, स्पर्धा जिंकत. नऊवारी की पाचवारी नेसून खेळत हे मला कुणी सांगितले तर बरे होईल, कारण आमच्या शाळेत मुलींना लंगडी खेळायलासुद्धा हेडमास्तरांची परवानगी लागे. त्या इंग्रजीत लिहीत, मराठीत लिहीत. इंग्रजीत लिहून नाव मिळवणे त्यांना सहज जमले असते. मुंबईच्या त्या वर्तुळात तीच चाल होती. मग चाळिशीला आल्यावर या बाईंनी संस्कृत का धरले?

दांडीयात्रा १९३० च्या मार्च-एप्रिलात झाली. क्षमाबाईंची ‘सत्याग्रहगीता’ १९३१ मध्ये लिहून झाली आणि १९३२ मध्ये छापली गेली, ती पॅरिसला. हिंदुस्थानात ते पुस्तक जप्त झाले असते. गीतेसारखे अठरा अध्याय, अनुष्टुभ् छंद, विषय गांधी. यावरून दोन गोष्टी दिसतात. एक, बाईंना आपण काय करतो आहोत हे नेमके कळत होते. महाभारतातल्या गीतेत लढ म्हणून सांगितले, इथे शस्त्र न उचलता लढायचे होते, आणि तरी साचा तोच घेतला. दुसरी गोष्ट पोलिसांची. ज्या भाषेला लोक मेलेली म्हणत होते तिच्यात लिहिलेले पुस्तकही सरकारला खपले नसते!

पॅरिसचे ते जुने पुस्तक कुठून मिळणार? माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने स्कॅन पाठवले. ते मी आमच्या रिंग रोडच्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे छापायला दिले. त्याने दोन पाने पाहिली. देवनागरी, दोन-दोन ओळींचे श्लोक, शेवटी आकडे. त्याने हात पुसले. “पूजे पुस्तकाना?” मी म्हटले, नाही बाबा, यात गांधी आहेत, मीठ आहे, लाठीमार आहे, जेल आहे. त्याला ते पटले नाही. स्पायरल बाइंडिंग करून त्याने गठ्ठा दोन्ही हातांनी दिला आणि देताना कपाळाला लावला. वर पिवळे कव्हर घातले होते, न विचारता, पोथीला घालतात तसे.

हेच तिच्या पुस्तकांचे झाले. श्लोक दिसला की माणूस नमस्कार करतो, वाचत नाही.

अनुष्टुभ् सोपा वाटतो म्हणून लोक त्याला हलका समजतात. आठ अक्षरांचे चार चरण. पाचवे अक्षर लघु, सहावे गुरू, आणि सातवे पहिल्या-तिसऱ्या चरणात गुरू, दुसऱ्या-चौथ्यात लघु. बाकीची अक्षरे बरीचशी मोकळी. म्हणून रामायण-महाभारत त्यात मावले. पण विसाव्या शतकातली नावे त्यात बसवून पाहा! मी वर्गातल्या पोरांना हेच करायला लावते. एक पोरगी ‘साबरमती’ घेऊन अडली. मी फळ्यावर मांडून दाखवले: सा गुरू, ब र म तिन्ही लघु, ती गुरू. दुसऱ्या जागेपासून बसव, म्हणजे ‘म’ बरोबर पाचवा येतो आणि ‘ती’ सहावी. पुढे ‘तीरे’ जोड, मागे एक अक्षर घाल. स साबरमतीतीरे. तो, साबरमतीच्या काठी. आठ अक्षरे, चरण तयार. हा चरण माझा, क्षमाबाईंचा नव्हे. पण असा एकेक शब्द हातात घेऊन त्यांना हजारो ओळी बसवाव्या लागल्या असणार. लंकाशायरचे कापड, आयर्विनसाहेब, गोलमेज परिषद. वाल्मीकीला ही अडचण नव्हती.

यात एक गंमत आहे. भाषा जुनी, वृत्त जुने, पण सांगायचे ते सगळे ताजे, कालच्या वर्तमानपत्रातले. अज्जींचा आक्षेप नेमका इथे होता. चार शनिवार ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, ही ‘वार्ता’ आहे, काव्य नाही. मी वाद घातला, पण मनातून निम्मे पटले. गांधीचरित्र पुढे वाढतच गेले. ‘उत्तरसत्याग्रहगीता’ १९४८ मध्ये निघाली आणि ‘स्वराज्यविजय’ तर त्यांच्या मागे, १९६२ मध्ये. घटनेमागून घटना येतात; सभा, ठराव, उपवास, अटक, सुटका. कालिदासावर वाढलेल्या कानाला हे कोरडे लागते हे खरे. पण महाभारतातली कितीतरी पर्वेही अशीच कोरडी आहेत, त्यांना आपण काही म्हणत नाही! डोळ्यांसमोर घडणाऱ्या लढ्याची नोंद एका बाईने संस्कृतात सतरा-अठरा वर्षे चालू ठेवली, ही चिकाटी बापाच्या अथर्ववेदाशेजारी ठेवण्यासारखी आहे. काव्य म्हणून मी तिला तिसऱ्या रांगेत बसवीन.

पहिल्या रांगेत बसवायच्या त्या तिच्या कथा. ‘कथापंचकम्’ १९३३ चे, पाच कथा, त्याही पद्यात. ‘ग्रामज्योतिः’ पद्यातच, विषय खेड्यातली माणसे आणि स्वातंत्र्याची चळवळ. आणि ‘कथामुक्तावली’ गद्यात, १९५४ ची. संस्कृत कथा म्हटली की आपल्याला पंचतंत्रातला कोल्हा किंवा वेताळाचा प्रश्न आठवतो. इथे बालविधवा आहे, टाकलेली बायको आहे. ‘परित्यक्ता’ असे एका कथेचे नावच आहे. संस्कृत वाङ्मयात विरहिणी हजारो आहेत, पण त्यांचा नवरा परत येणार असतो. तशी बोलीच असते. नवरा परत येणारच नाही, आणि आला तरी उपयोग नाही, अशा बाईसाठी या भाषेत आधीपासून तयार उपमा नाहीत. क्षमाबाईंना मग साधे लिहावे लागले. लांब समास गेले, वर्णने आटली. हे वाचताना अज्जी एकदम गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, पुढे वाचा, थांबू नका. रघुवंशाच्या वेळी त्या मला दर श्लोकाला थांबवतात.

आणि या बाईंना विनोद येत होता, हे कुणी सांगत नाही. १९३७ च्या डिसेंबरात त्रिवेंद्रमला अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषद भरली. तिकडच्या प्रवासावर त्यांनी ‘विचित्रपरिषद्यात्रा’ नावाची छोटी पद्यकथा लिहिली. नावातच टिंगल आहे. देशोदेशीचे पंडित, त्यांची गडबड, त्यांचे मानपान, हे सगळे अनुष्टुभात. आपण ज्यांच्या रांगेत बसायला जातो त्यांच्याकडेच तिरक्या नजरेने पाहणे हे मला फार आवडले. त्या परिषदेला एसपीपींची मुलगी म्हणूनच तिच्याकडे पाहिले गेले असणार, असा माझा तर्क आहे. कुणी ना कुणी म्हणाले असेल, हो का, पंडितांची कन्या का आपण! घरी येऊन तिने सगळ्यांना श्लोकात बसवले.

लगोलग १९३९ मध्ये आले ‘शङ्करजीवनाख्यानम्’. वडिलांचे चरित्र, संस्कृत पद्यात. लिहिताना बाई एकोणपन्नाशीच्या. वडील गेले तेव्हा चौपन्न वर्षांचे होते. म्हणजे बापाच्या अखेरच्या वयाच्या जवळ आल्यावर मुलगी त्याचे आयुष्य सांगायला बसली. स्वतःच्या आठवणी किती असणार? साडेतीन-पावणेचार वर्षांच्या पोरीला बापाचा आवाज आठवला तर आठवला. उरलेले नातेवाइकांनी सांगितलेले, कागदांतून मिळालेले, ग्रंथांच्या प्रस्तावनांतून वेचलेले. बापाने जसे वह्यांवरून आणि वैदिकांच्या तोंडून संहितेचे पाठ जुळवले, तसा मुलीने बाप जुळवला. आपल्याकडे राजांची आणि संतांची चरित्रे पद्यात लिहायची रीत होती. ओरिएंटल ट्रान्सलेटरच्या हुद्द्यावरच्या माणसाचे चरित्र श्लोकांत कुणी लिहावे ही कल्पनाच नवीन. मराठीत गद्यात लिहिले असते तर आज एखाद्या ग्रंथालयात ते सापडले असते, दोन-चार लेखांत आधाराला आले असते. तिने ते बापाच्या भाषेत लिहिले. वाचक ठरलेला होता, तो मेलेला होता.

चरित्राला धरून पोरबंदरची गोष्ट सांगितली पाहिजे. शंकरराव तिथे प्रशासक असताना हिंडत हिंडत आलेला एक तरुण बंगाली संन्यासी त्यांच्याकडे भोजेश्वर बंगल्यात राहिला. वेदांच्या कामात त्याने त्यांना मदत केली, त्यांच्या ग्रंथसंग्रहात बुडी मारली, आणि तुझे म्हणणे इथल्यापेक्षा पश्चिमेकडच्यांना कळेल, तिकडे जा, असे शंकररावांनी त्याला सुचवले अशी आठवण सांगतात. तो संन्यासी म्हणजे विवेकानंद. ज्या पोरबंदरावर बापाने कारभार केला तिथलाच, दिवाणाच्या घरातला एक मुलगा त्याआधी थोडी वर्षे बॅरिस्टर व्हायला विलायतेला गेला होता. त्यासाठी संस्थानाची मदत मिळावी म्हणून तो तेव्हाच्या इंग्रज प्रशासकाकडे, लेलीसाहेबाकडे गेला होता आणि त्याला नकार मिळाला होता. शंकरराव त्या खुर्चीत नंतर बसले. चाळीसेक वर्षांनी त्यांच्या मुलीने त्या मुलावर गीता लिहिली.

घराण्यात ही विद्येची चाल पुढेही दिसते. शंकररावांच्या नात्यातले रणजित सीताराम पंडित, नेहरूंच्या भगिनी विजयालक्ष्मीबाईंचे यजमान, यांनी कल्हणाची राजतरंगिणी इंग्रजीत आणली, ते पुस्तक १९३५ चे. त्यांची मुलगी नयनतारा सहगल इंग्रजी कादंबरीकार झाली. ही नावे लोकांना माहीत आहेत, नेहरूंमुळे म्हणा, इंग्रजीमुळे म्हणा. क्षमाबाईंकडे दोन्ही नव्हते.

‘पंडिता’ ही पदवी मात्र होती. आता आपल्याकडे पंडिता म्हटले की रमाबाई एवढेच. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे इथल्याच, कर्नाटकातल्या घाटात गंगामूळला आश्रम करून राहिले, बायकोला संस्कृत शिकवले म्हणून धर्मसभेपुढे उभे राहिले, आणि आईने रमेला शिकवले. १८७८ मध्ये कलकत्त्याने तिला पंडिता ठरवले. रमाबाई पुढे संस्कृत सोडून मराठीत आणि इंग्रजीत लिहित्या झाल्या. लढाई तिथे होती. आणखी एक बाई आठवते, तात्यासाहेब केळकरांची मुलगी डॉ. कमलाबाई देशपांडे. कर्व्यांच्या विद्यापीठात शिकून प्रागची पीएच.डी. मिळवलेली, १९३६ मध्ये प्राचीन भारतातल्या बालकांवर तिचा इंग्रजी ग्रंथ निघाला, १९४३ मध्ये ‘स्मरणसाखळी’ हे आत्मचरित्र. तिच्या वाट्याला साहित्यसम्राट बाप होता, जिवंत, बोलका, १९४७ पर्यंत. ‘स्मरणसाखळी’ आजही लोक काढतात ती बरेचदा केळकरांच्या घरातले काही सापडेल म्हणून. थोर बाप हयात असला काय, नसला काय, लेकीच्या पुस्तकाला गिऱ्हाईक त्याच्याकडूनच येते.

क्षमाबाईंना तेही आले नाही. त्याचे कारण बापाची सावली, असे म्हणायचा मोह होतो, पण मला ते पटत नाही. कारण जास्त रुक्ष आहे: तिला ठेवायला कपाटच नाही. संस्कृत वाङ्मयाचे इतिहास जगन्नाथ पंडितापाशी येऊन थांबतात, मद्रासच्या वे. राघवन यांच्यासारख्या एखाद्याने आधुनिक संस्कृताची दखल घेतली तेवढीच. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात तिला जागा नाही, भाषा मराठी नाही म्हणून. चळवळीचा इतिहास लिहिणारे संस्कृत वाचत नाहीत. स्त्रियांच्या लेखनाचा शोध घेणारे संस्कृत दिसले की दचकतात, ही सोवळ्यातली बाई असणार असे समजतात. इकडे बाई टेनिस खेळणारी, विधवांवर कथा लिहिणारी! आणि सोवळ्यातल्यांना गांधी नको. मी स्वतः बी.ए.ला संस्कृत घेतले, पुढे मास्तरकी केली, पण अभ्यासक्रमात तिची एक ओळ कधी आली नाही.

तिच्या मुलीने मात्र तिला सोडले नाही. लीला आईसारखीच टेनिस खेळली आणि पुढे गेली. १९३१ मध्ये अखिल भारतीय अजिंक्यपद, १९३४ मध्ये विंबल्डनच्या पहिल्या फेरीत इंग्लंडच्या ग्लॅडिस साउथवेलला हरवले. विंबल्डनमध्ये सामना जिंकलेली ती पहिली भारतीय बाई. खेळाच्या प्रश्नमंजूषेत लीला राव हे नाव विचारतात. आईचे नाव विचारत नाहीत. लीलाबाईंचे यजमान हरीश्वर दयाळ, आय.सी.एस., पुढे नेपाळात राजदूत. या विंबल्डनवाल्या लीलाबाईंनी आईच्या कथांवरून संस्कृतात नाटके रचली. क्षमाबाई १९५४ च्या एप्रिलात गेल्या. ‘ज्ञानेश्वरचरितम्’ पुढच्या वर्षी निघाले, आणि ‘स्वराज्यविजय’ छापून व्हायला आणखी सात वर्षे लागली. बापाचा अथर्ववेद त्याच्या मागे निघाला, लेकीचे शेवटचे काव्य तिच्या मागे.

शेवटच्या वर्षांत त्या संतांकडे वळल्या होत्या. ‘मीरालहरी’ आधीच, १९४४ मध्ये झाली होती. मग ‘तुकारामचरितम्’ १९५०, ‘रामदासचरितम्’ १९५३ आणि ते ज्ञानेश्वर. तुकाराम संस्कृतात! ज्याला वेदांचा अर्थ सांगायचा अधिकार नाही म्हणून वह्या बुडवायला लावल्या, तो. वारकऱ्याला हे ऐकून हसू येईल किंवा राग येईल. मला पहिल्यांदा रागच आला. पण बापाने सरकारी गाथेच्या वेळी कडूस-तळेगावच्या वह्यांतून ज्याचा शब्द न शब्द तपासला, त्याचे आयुष्य मुलगी ऐंशी वर्षांनी त्या दुसऱ्या भाषेत नेते, याकडे देवाणघेवाण म्हणून पाहिले की राग उतरतो. इथे आल्यावर त्याचा आणखी एक उपयोग लक्षात आला. अज्जींना मराठी येत नाही. पुरंदरदास त्यांना येतात, तुकाराम नाही. त्यांना तुकाराम कोण हे सांगायला माझ्याजवळ कन्नड नव्हते, इंग्रजी भाषांतर त्यांनी बाजूला सारले. क्षमाबाईंचे पुस्तक त्यांना थेट कळते.

तेव्हा कुणाला वाचायचेच असेल तर माझा क्रम असा राहील: ‘कथामुक्तावली’ आधी, गद्य आहे, शाळेतले संस्कृत थोडे आठवत असेल तरी चालते. मग ‘विचित्रपरिषद्यात्रा’, एका बैठकीत होते. ‘सत्याग्रहगीता’ मागाहून, आणि सलग नको. दहावीच्या माझ्या शिकवणीतल्या पोरीला मी त्यातला एक अध्याय वाचायला दिला तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, आंटी, हे पोर्शनमध्ये आहे का? नाही म्हटल्यावरही तिने वाचला, साबरमती कुठे बसवली आहे ते शोधायला.

आम्ही दोघी येत्या शनिवारपासून ‘तुकारामचरितम्’ धरणार आहोत. अज्जींची एकच अट आहे: दर सर्गाआधी त्यातल्या प्रसंगाचा अभंग मी मराठीत म्हणायचा, चालीवर, अर्थ न सांगता.